शून्य मजला

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो.
लास्नामाएतल्या नऊमजली इमारतींच्या पोटात दिवसभर
तेल, दोर, कुरकुरणाऱ्या कप्प्या.
संध्याकाळी खरखरीत साबणाने हात धुतो
आणि दिवसभराची घरघर खिशातून काढून
टेबलावर ठेवतो,
मी जशी बाजारातली न खपलेली हेरिंग ठेवते.

मग कोठीचं दार लावून घेतो.
पूर्वी तिथे बटाटे असायचे.
आता वायरींचं जंजाळ, दोन म्हातारे सिंथेसायझर,
त्यातल्या एकाच्या तीन पट्ट्या मुक्या,
आणि मातीचा वास, तो गेलाच नाही.
आत जातो तो रायवो.
आत बसतो तो ‘शून्य मजला’.
असलं कसलं नाव, मी विचारलं होतं.
म्हणाला, लिफ्ट कुठेच नसते
तेव्हा तिथे असते.

लिफ्टची घरघर तो ताणतो,
दहापट, चाळीसपट,
ताणता ताणता तिच्यातली लिफ्ट निघून जाते
आणि उरतो एक खर्ज,
कानांना नाही, गुडघ्यांना ऐकू येणारा.
माझ्या बशीतला चहा शहारतो.
स्वयंपाकघराची हिरवी भिंत, शपथेवर सांगते,
सावकाश ओघळते
आणि सावकाशच परत चढते.
मी काही घेतलेलं नसतं.
रायवोनेही सोडून नऊ वर्षं झाली.

आजवर सत्तेचाळीस कॅसेट खपल्या.
वेष्टण माझ्या ठेल्यावरच्या मेणकागदाचं, फुकटचं.
ग्रोनिंगनहून एकाचं पत्र आलं:
माशाचा वास हा रचनेचाच भाग आहे का?
रायवोने उलट टपाली कळवलं, होय.
खोटारडा.

मार्चमध्ये जुन्या बॉयलरघरात कार्यक्रम झाला.
एकोणीस माणसं व्यायामाच्या चटयांवर आडवी,
अंधार जांभळा, छताला थेंब.
मला वाटलं, मी बर्फात पुरलेला मासा आहे
आणि कुणीतरी वरून
फार दुरून
भाव विचारतंय.
एक जण घोरत होता. रायवोने तेही टिपून ठेवलं.

पण सांगायचं ते हे नाही.

फेब्रुवारीत अकरा नंबरच्या इमारतीत
चौथ्या-पाचव्याच्या मध्ये लिफ्ट अडकली.
आत झिनाइदा पावलोव्हना, वय एक्याऐंशी,
हातात दुधाची पिशवी.
रायवोचा माइक आधीच बोगद्यात लोंबत होता,
वाऱ्यासाठी सोडलेला.
आणि खालून ती गुणगुणत होती.
गाणं नव्हे. चुलीपाशी उभं राहून
माणूस स्वतःला सोबत देतं, तसं काहीतरी.

चावी त्याच्या हातात होती.
तो उभा राहिला.
चार मिनिटं, अकरा सेकंद.
अंदाजाने सांगत नाही, फितीवर आकडा आहे.

त्या रात्री मी त्याला काय काय बोलले
ते इथे लिहीत नाही.

बाहेर आल्यावर म्हातारी रशियनमध्ये म्हणाली,
तू वरच होतास. तुझे बूट ऐकले मी.
एवढंच. पिशवी त्याच्या हातात दिली
आणि जिना चढायला लागली, तो मागोमाग.
तेव्हापासून दर महिन्याला
तो तिच्याकडे मीठ नेतो, बल्ब नेतो,
एकदा नळाचा वॉशर बदलून आला.
एप्रिलमध्ये टेपरेकॉर्डर नेला.
चार मिनिटांची एक्कावन्न झालेली,
आवाज नाही, नुसतं हवामान.
तिने कोट अंगात ठेवूनच सगळं ऐकलं.
मग म्हणाली, ही मी नव्हे.
थोड्या वेळाने:
दोर आहे हा. दोराला इतकं एकटं वाटतं?

रायवो घरी आला, बूट न काढता कोठीत गेला,
आणि कितीतरी वेळ तिथून काहीच ऐकू आलं नाही.

ती कॅसेट त्याने विकायला काढलेली नाही.
पुसलेलीही नाही.

आमच्या लिफ्टमध्ये मी आता
ओठ मिटून उभी असते.
घसा खाकरायचा
तर तोही घरात येऊन.